निमियाची सावकाश प्रार्थना

पासो ईता, २० फेब्रुवारी १९९८

ओब्दुलिया,

हे पत्र निमियाच्याच हाती देतोय. ड्रायव्हर तोरिबियोच्या बसने ती तुझ्याकडे पोचेल. त्याला बजावून सांगितलंय की हिला तुझ्या पाठीमागच्या सीटवर बसव, आणि बार्रेरोला हिचा हात माझ्या बहिणीच्या हातात दिल्याशिवाय गाडी हलवू नकोस. तो हसला. यात हसण्यासारखं काय होतं, मला कळलं नाही.

मी माझ्या मनाने पाठवत नाही, हे लक्षात ठेव. देल्फिनाच्या वर्षाच्या मिस्सानंतर जेवताना तू सगळ्या पाहुण्यांसमोर म्हणालीस, "दादा, वहिनी गेली. उद्या तू गेलास की या पोरीचं काय?" माणसं सूप पीत होती. सूपावर कोणी असं बोलतं का? तेव्हापासून मला नीट झोप नाही. दुपारी झोपाळ्यात पडलो तरी तुझंच वाक्य कानात. डॉक्टरही म्हणाला, तुमचं हृदय वाढलंय. मी म्हटलं, चांगलं की वाईट? तो म्हणाला, वाईट.

म्हणून पाठवतोय. तुझ्या चिपा-पावाच्या कामात तिला काही जमतं का बघ. जमणार नाही, पण बघ.

तुला माहीत आहे, जन्माच्या वेळी नाळ गळ्याला आवळली होती, तेव्हापासून तिला सगळं उशिरा कळतं. छत्तिशी आली तरी मला ती लहानच. म्हणून सांगतो. बुटाची नाडी ती बांधते पण सुटते, तू बघत जा. विजेला भिते. जेवायला बस म्हटल्याशिवाय बसत नाही. मोठ्या रस्त्यावर एकटी पाठवू नकोस. आणि भट्टीजवळ अजिबात नाही. पीठ चाळू दे, अंडी फोडू दे, पण भट्टीजवळ नाही.

ईस्टरच्या आधीच्या पवित्र बुधवारी मला ती घरी हवी. त्या दिवशी चिपा ज्याच्या त्याच्या घरीच भाजला पाहिजे. मग ती तुझ्याकडे परत येणार नाही. एवढंच ठरलंय आपलं.

तुझा भाऊ,
अनाक्लेतो

ता. क. रात्री घोंगडी पायावर घे म्हणून सांग. तिला सांगावं लागतं.


बार्रेरो ग्रांदे, १ मार्च

दादा,

तुझी लेक पोचली. तोरिबियो खरोखरच गाडी चालू ठेवून खाली उतरला आणि तिचा हात माझ्या हातात देऊन म्हणाला, "घ्या ओब्दुलियाबाई, माल सुखरूप. आता तुमच्या भावाला सांगा, माझ्या स्वप्नात येऊ नका." बसमधल्या माणसांनी शिव्या घातल्या. तुलाच होत्या त्या, तुझ्या नावे जमा करून ठेव.

पहिल्या रात्री ती रडली. दुसऱ्या रात्रीही रडली, पण कमी. तिसऱ्या दिवशी पहाटे मी उठले तर ही आधीच उठून चाळणी धरून बसलेली. "आत्या, गुठळ्या आहेत," म्हणाली. खरंच होत्या. मांडिओकाच्या कंदाचं पीठ दमट आलं होतं आणि माझ्या लक्षात आलं नव्हतं.

आता ती पीठ मळते. चरबी आणि चीज मऊ होईपर्यंत मळते, अंडी एकेक घालते, बडीशेप शेवटी. एकदा दाखवलं की पुन्हा दाखवावं लागत नाही. पहिल्यांदा दाखवायलाच वेळ लागतो, ते खरं. आमच्या इतर बायका घाईत दोन अंडी एकदम टाकतात, ही टाकत नाही. तिला "टाक" म्हटलं तर "आत्या, एक झालं की दुसरं" म्हणून मलाच दटावते.

भट्टीचं काम माझी जुनी कामवाली सिन्फोरियाना बघते, तुला माहीत आहेच. काळजी करू नकोस.

नाडी सुटत नाही. मी दुहेरी गाठ शिकवली. छत्तीस वर्षांत तुम्ही दोघांनी शिकवली कशी नाही?

तू जेवतोस काय ते कळव.

ओब्दुलिया


पासो ईता, १० मार्च

ओब्दुलिया,

दुहेरी गाठ आम्ही शिकवली नाही, कारण ती सोडता आली नसती तर ती रात्रभर बूट घालूनच झोपली असती. तुला पोरं नाहीत, तुला हे कळायचं नाही.

मी बरा आहे. उत्तरेचा वारा सुटलाय, डोकं धरतं. कोंबड्या संध्याकाळी घरात येत नाहीत. निमिया काहीतरी आवाज काढून त्यांना बोलवायची, मी सगळे आवाज काढून पाहिले. शेजारची पोरं कुंपणाशी उभी राहून ऐकत होती. शेवटी कोंबड्या संत्र्याच्या झाडावर झोपतात, तिथून कोल्हा नेईल. मांडिओका उकडतो, तो एका बाजूने दगड आणि दुसऱ्या बाजूने लगदा होतो. तिचा असा कधी होत नसे. पाणी कधी ओतून टाकायचं हे तिला विचारून कळव. घाई नाही.

म्हणजे ती घरात काही फार काम करायची असं नाही. बसल्या बसल्या जरा हातभार लावायची.

पण मी हे सांगायला लिहीत नाही. काल तोरिबियोच्या बसची वाट बघत मुद्दाम फाट्यावर जाऊन बसलो होतो. त्याला विचारलं, "बरी आहे ना रे?" तो म्हणाला, "झकास! फक्त भुवया जरा करपल्यात."

घरी येऊन मी तुझं मागचं पत्र शोधून काढलं.

भुवया कशाने करपतात, ओब्दुलिया? पीठ चाळून करपतात? मला सरळ उत्तर दे. ते मी पुन्हा वाचलं. "भट्टीचं काम सिन्फोरियाना बघते" असं तू लिहिलंस. निमिया लांब असते असं तू लिहिलेलं नाहीस. मी तिसरीपर्यंतच शिकलो, पण वाचता येतं मला.

अनाक्लेतो


बार्रेरो ग्रांदे, १४ मार्च

दादा,

सापडले मी. ऐक आता, आणि आधी झोपाळ्यात बस.

उपासकाळाच्या सुरुवातीला, राखेच्या बुधवारानंतर सिन्फोरियानाचा गुडघा सुजला. तिला निखारे ओढून काढायला कोणीतरी लागत होतं. निमिया तिच्या मागे मागे फिरायचीच. सिन्फो म्हणाली, "राहू दे हिला, ही बडबड करत नाही." मी ठेवली. तुला कळवलं नाही, कारण तू लगेच बस पकडून आला असतास.

आमची रीत तुला माहीत आहे. निखारे बाहेर ओढायचे, ओल्या फांद्यांच्या झाडूने तळ झाडायचा, चिमूटभर पीठ तळावर टाकायचं आणि मरियामाईची प्रार्थना म्हणायची. आमेनला पीठ बदामी झालं तर केळीची पानं घालून चिपा आत. आमेनच्या आधीच बदामी झालं तर थांबायचं, भट्टी जास्त तापलीय. आपल्या आईनेही असाच भाजला, तिच्या आईनेही.

दोन आठवड्यांपूर्वी सिन्फोला उठवेना, म्हणून तिने निमियाला पुढे केलं. निमियाने पीठ टाकलं, प्रार्थना म्हटली, भट्टी फार तापलीय म्हणून थांबली. पुन्हा टाकलं, पुन्हा म्हटली, पुन्हा थांबली. तिच्या आमेनला पीठ नेमकं बदामी झालं तेव्हा तिने चिपा आत घातला. बाहेर आला तो पांढराफटक आणि वजनाला वीट! बसमध्ये चिपा विकणाऱ्या पोरी टोपल्या घेऊन गेल्या तशा परत आल्या. एक म्हातारा म्हणाला म्हणे, "बाई, हा चिपा खायला दिलाय की चाकाखाली लावायला?"

निमिया भट्टीच्या तोंडाशी बसून राहिली. जेवायला बस म्हटलं तरी उठेना. म्हणाली, "मी सगळं बरोबर केलं, आत्या." आणि मला वाटलं, दादाचं बरोबर होतं, हिला जमायचं नाही हे.

दुसऱ्या दिवशी मी तिच्या शेजारी उभी राहिले. दादा, तिची प्रार्थना संपेचना! एकेक शब्द ती असा म्हणते, जणू देवमाता समोर बसून लिहून घेतेय. आमच्या बायका फुर्रकन म्हणतात, आमेन म्हणेपर्यंत ओठसुद्धा मिटत नाहीत. हिच्या आमेनपर्यंत आमच्या दोन होतील. म्हणजे हिच्या आमेनला जी भट्टी बरोबर, ती खरी निवलेली भट्टी. चूक तिची नव्हती, मापाची होती.

मी म्हटलं, "निमी, भराभर म्हण." तर म्हणे, "भराभर म्हटलं तर अडखळते. पप्पांनी सांगितलंय सावकाश म्हण."

"मग अर्धीच म्हण."

"अर्धी म्हटली तर माई रागावेल."

सिन्फो हसून हसून स्टुलावरून पडायची राहिली. आम्ही दोघी विचार करत बसलो. तेवढ्यात निमियाच म्हणाली, "छोटी म्हणू का? पित्याला, पुत्राला आणि पवित्र आत्म्याला गौरव असो, ती?" तिने पीठ टाकलं, ती छोटी प्रार्थना आपल्या चालीने म्हटली, आणि आमेनला पीठ बदामी! सिन्फोने शेजारी उभं राहून आपली मोठी म्हटली होती. दोघींचं आमेन एकदम आलं.

आणि पुढचं ऐक. आमच्यात कोणी भांडून आली की प्रार्थना घाईत होते, गप्पांच्या नादात असली की लांबते, म्हणून एखादी भट्टी करपते, एखादी कच्ची राहते. निमियाची रोज तेवढीच. पाऊस असो, बस हॉर्न वाजवत असो. त्या दिवसापासून माझी एकही खेप वाया गेली नाही. भुवया करपल्या कारण फार वाकून बघत होती. आता वाकत नाही.

आता खरी गोष्ट. सिन्फोरियाना ईस्टरनंतर बुएनोस आयरेसला लेकीकडे जातेय, कायमची. मला भट्टी निमियाच्या हाती द्यायचीय. पगारावर, इतरांसारखी. सिन्फोची खोलीही तिला. मी तिला विचारलं. ती म्हणाली, "पप्पांना विचार."

म्हणून विचारतेय.

ओब्दुलिया

ता. क. मांडिओका. सुरी सहज आत गेली की लगेच पाणी ओतायचं, पातेल्यात मुरू द्यायचा नाही. ती म्हणते, "पप्पांना सुरी सांभाळून धरायला सांग."


पासो ईता, १९ मार्च

ओब्दुलिया,

नाही.

मी तुला पीठ चाळायला दिली होती. तू तिला आगीपुढे उभी केलीस, माझ्यापासून लपवलंस, आणि आता म्हणतेस कायमची दे. ही कुठली रीत?

तू म्हणशील, दादा हट्टी आहे. मी हट्टी नाही, मला दिसतं. आज तू आहेस म्हणून सगळ्या बायका तिच्याशी नीट वागतात. तू सहासष्टची. उद्या तू गेलीस, दुकान तुझ्या दिराने घेतलं, तर? नवीन मालकीण हिची सावकाश प्रार्थना ऐकत उभी राहील? ढकलून देईल. मग बार्रेरोच्या रस्त्यावर माझी लेक, ना घर ना दार. इथे निदान छप्पर आहे. विहीर आहे. शेजारीण तिला ओळखते. मी मेलो तर शेजारीण काहीतरी बघेलच.

काहीतरी म्हणजे काय, हे मला विचारू नकोस. रात्री मीच स्वतःला विचारतो.

आणि तुमच्याकडे कोणी तिला हसलं तर मला कसं कळणार? इथे कोणी हसलं तर मी त्याच्या दारात जाऊन उभा राहतो. पंचाहत्तरीला आलो तरी जातो. जन्मभर मी तेच काम केलंय.

पुढच्या गुरुवारी पहिल्या बसने येतोय. तिची पिशवी भरून ठेव. घोंगडी विसरू नकोस. तिला आधी काही सांगू नकोस, नाहीतर रात्रभर जागेल. नको, सांग. एकदम गेलो तर घाबरेल. तुला योग्य वाटेल तसं कर, पण पिशवी भरून ठेव.

घर फार शांत झालंय. रेडिओ लावतो, पण बॅटऱ्या संपतात.

अनाक्लेतो


बार्रेरो ग्रांदे, २७ मार्च

दादा,

काय प्रकार आहे हा? तोरिबियो शपथेवर सांगतो की काल फटफटताना त्याने तुला माझ्या गल्लीच्या तोंडाशी उतरवलं. इस्त्रीचा शर्ट, हॅट, हातात रिकामी पिशवी. आणि तू आला नाहीस! मी दुपारपर्यंत दार उघडं ठेवून बसले. मग वाटलं, हृदय. गल्ली पालथी घातली. दवाखान्यात विचारलं, चर्चमध्ये बघितलं, दारूच्या गुत्त्यातसुद्धा डोकावले. तुझ्यापायी या वयात मी गुत्त्यात गेले! संध्याकाळी परतीच्या बसचा ड्रायव्हर भेटला तेव्हा कळलं की म्हातारा सकाळच्याच गाडीने परत गेला.

निमियाला मी आदल्या दिवशी सांगितलं होतं. रडली नाही. पिशवी तिनेच भरली, दाराशी ठेवली. पहाटे मी म्हटलं, "आज राहू दे, पप्पा येतायत." तर झाडू उचलून म्हणाली, "येतील. आधी ही भट्टी."

दिवसभर पिशवी दाराशी होती. येणारा जाणारा तिला अडखळत होता. तिने उचलू दिली नाही.

जिवंत असशील तर लिही. रागावला असशील तरी लिही.

ओब्दुलिया


पासो ईता, ३१ मार्च

ओब्दुलिया,

जिवंत आहे. रागावलेलो नाही. गुत्त्यात गेलीस हे गावात कोणाला सांगू नकोस.

मी आलो होतो. गल्लीतून येताना वाटेत काय काय बोलायचं ते पाठ करत होतो. तुझ्या परसाच्या पेरूच्या कुंपणापाशी पोचलो आणि आत उजेड दिसला, निखाऱ्यांचा. म्हटलं, आधी बघावं, ही बाई माझ्या लेकीला कसं राबवते ते. म्हणून थांबलो. चोरासारखा थांबलो, खरं सांगायचं तर.

निमियाने निखारे ओढले. मला वाटलं आता पाय भाजेल. भाजला नाही. तिने तळ झाडला. तुझ्या बायका केळीच्या पानांवर चिपा मांडून, ताटं हातात धरून ओळीने उभ्या होत्या. ती लाल रुमालवाली पोरगी, तिचं नाव मला माहीत नाही, ती म्हणाली, "आटप की गं निमिया, गाडी येईल आता!" मी कुंपणाची फांदी धरली. कोणी ओरडलं की निमिया मान खाली घालते आणि हातातलं सोडून देते, हे मी जन्मभर बघितलंय. मी आत शिरणारच होतो.

निमियाने मागे न बघता नुसता हात वर केला. बस म्हणून. आणि सगळ्या गप्प झाल्या. ती लाल रुमालवालीसुद्धा. तुझी सिन्फोरियाना स्टुलावर माते-चहाची नळी तोंडात धरून बसली होती, तिने ओढायचं थांबवलं. निमियाने पीठ टाकलं, हात जोडले आणि सुरू केलं. तिच्याच चालीने. मीही मनात तिच्याबरोबर म्हणायला लागलो आणि तिच्याआधी संपवून बसलो. ती अजून पुत्रापाशीच होती.

तिचं तोंड कुंपणाकडे होतं. मी तिला दिसू शकलो असतो. पण ती पिठाकडे बघत होती.

ओब्दुलिया, ही पोरगी आयुष्यभर माझ्याकडे बघत आलीय. बसू का म्हणून बघते, खाऊ का म्हणून बघते, हसायच्या आधी हसू का म्हणून बघते. आधी देल्फिनाकडे बघायची, ती गेल्यापासून माझ्याकडे. मला वाटायचं, हे बघणं म्हणजेच तिचं माझ्यावाचून अडतं. त्या पहाटे तिने कोणाकडेही बघितलं नाही. आमेन म्हणाली, आणि म्हणाली, "घाला." सगळ्यांनी घातलं.

मी हाक मारली असती तर ती आली असती. हातातलं तिथेच टाकून आली असती, पिशवी तर भरलेलीच होती. म्हणून मारली नाही.

परतीच्या बसमध्ये तुझीच एक पोरगी टोपली घेऊन चढली. मी चिपा घेतला. गरम होता. माझे दात तुला माहीत आहेत, पण तो चावला गेला. शेजारचा माणूस म्हणाला, "हल्ली ओब्दुलियाबाईंचा चिपा रोज असाच असतो." मी त्याला काही सांगितलं नाही. थोडं पुढे गेल्यावर सांगितलं. मग पुढच्या सीटवरच्या बाईलाही सांगितलं.

तू मेलीस तर काय, हा प्रश्न मी अजून सोडलेला नाही. रात्री तोच घेऊन पडलो होतो. पण बार्रेरोत घराघरापुढे भट्टी आहे, आणि ज्या बाईची एकही खेप वाया जात नाही, तिला तुझ्या दिराने काढली तर समोरची मालकीण ठेवील. तिची सावकाश प्रार्थना ऐकत उभी राहील. मी स्वतः बघितलं, उभ्या राहतात. तरी तू लवकर मरू नकोस.

सिन्फोरियानाची खोली तिला दे. खिडकीला कडी आहे का बघ. पाऊस आत येतो का बघ. पगार तिच्या हातात दे, माझ्याकडे पाठवू नकोस. खर्च कसा करायचा ते शिकव, किंवा शिकवू नकोस, दोनदा चुकेल आणि शिकेल.

माझा मांडिओका आता बरा होतो. कोंबड्यांचं मात्र जमत नाही.

पवित्र बुधवार राहिला. मी म्हटलं होतं, चिपा ज्याच्या त्याच्या घरी. पण त्या दिवशी तुमच्याकडे सगळ्या गावाच्या भट्ट्या पेटलेल्या असणार, तिला तिथून काढता येणार नाही, मला कळतं. मग मी येऊ का? तिला विचार. पप्पा येतायत असं सांगू नकोस. यावं का, असं विचार. ती नको म्हणाली तर तसं लिही, मी वाईट वाटून घेणार नाही. थोडं घेईन.

अनाक्लेतो


बार्रेरो ग्रांदे, ३ एप्रिल

दादा,

हे पत्र तोरिबियोच्या हाती देतेय. त्याला म्हटलं, म्हाताऱ्याच्या हातात दिल्याशिवाय गाडी हलवू नकोस.

विचारलं. तू लिहिलंस तसंच विचारलं. ती चीज किसत होती. किसून झालं, परात धुतली, पुसली. मला वाटलं विसरली. मग म्हणाली, "येऊ दे."

दाराशी ठेवलेली पिशवी तिने त्याच दिवशी उघडून रिकामी केली. घोंगडी सिन्फोच्या खोलीत नेऊन दुसऱ्या पलंगावर घातली, सिन्फो जाईपर्यंत दोघी तिथेच. खिडकीला कडी आहे, पाऊस येत नाही, बघितलं मी.

तिने दोन गोष्टी सांगायला सांगितल्यात. एक, तू पहिल्या बसने ये, म्हणजे पीठ मळायला हात मिळेल. अंडी एकेक घालायची, ती दाखवेल, पहिल्यांदा तुला वेळ लागेल, हरकत नाही.

दुसरी, ती भट्टीपुढे उभी असेल तेव्हा तिला हाक मारायची नाही. "सांभाळ गं" असंही म्हणायचं नाही. तिने तुझ्याकडे बघितलं की मग बोल.

ओब्दुलिया